जुनीच्या तारा

६ मार्च, शुक्रवार

केबल नव्या गिटारीतून काढून जुनीत खोचली. जुनीतून काढून पुन्हा नवीत. सातव्यांदा. ॲम्पचं एकही बटण हलवलं नाही. तीच चार सुरांची ओळ, तीच दोन बोटं, तीच खुर्ची. जुनीचा आवाज गोल, जड, शेपूट लांब. नवीचा स्वच्छ. 'स्वच्छ'च्या पुढे शब्द सुचेना. तेवढ्यात ही दारात येऊन उभी.

"परीक्षा आहे का उद्या? एकच ओळ चाललीय मघापासून."

दोन्हींत फरक ऐकू येतो का, विचारलं.

"येतो की. एक वाजली की कपाटाची काच थरथरते. दुसरी वाजली की मांडणीतली ताटं."

कुठल्या गिटारीने काय थरथरतं, ते तिला सांगता येईना. मग मी वाजवत राहिलो आणि ती स्वयंपाकघरात जाऊन ताटांवर हात ठेवून उभी राहिली. ताटं दोन्ही वेळा थरथरली. काच एकदाही नाही.

७ मार्च, शनिवार

क्रमाने लिहून काढतो. डोक्यात नुसता गुंता आहे.

जुनी बेस गिटार मी आणि ताईने मिळून घेतली, त्याला चौतीस वर्षं झाली. तेव्हाच ती कुणाची तरी वापरलेली होती. आता पन्नाशीची असेल. म्हणजे माझ्यापेक्षा थोडी लहान, ताईपेक्षा बरीच. सहा वर्षांपूर्वी तिच्या नेकने, म्हणजे लांब दांडीने, बाक घेतला. चार महिने ती काकांच्या दुकानात पडून होती. (काका म्हणजे गिटारी दुरुस्त करणारे. नात्याने कुणाचेच काका नाहीत, सगळ्यांचे आहेत.) त्या चार महिन्यांत आम्हाला बिनगिटारीचं राहवेना म्हणून नवी घेतली. तीही मिळून. तेव्हापासून दर एक तारखेला अदलाबदल. एक महिना जुनी माझ्याकडे, नवी ताईकडे. पुढच्या महिन्यात उलट. सहा वर्षांत एकही एक तारीख चुकली नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा ताई दवाखान्यात गिटार घेऊन आली होती.

आता ताईची बदली झाली. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरीची शेवटची तीन वर्षं, आणि ती एक दिवसाच्या प्रवासावर. एक तारखेची अदलाबदल संपली. एक एकाकडे, एक एकीकडे. कायमची.

वाटे ताईने केले. लहानपणी एकुलता एक पेरू असायचा तेव्हाचा आमचा नियम — एकाने कापायचा, दुसऱ्याने निवडायचा. काल तिच्याकडची गिटार घेऊन आली आणि खोलीत मांडामांड करून म्हणाली, "हा एक वाटा. जुनी, तिची पेटी आणि कातडी पट्टा. हा दुसरा. नवी आणि ॲम्प. एकवीस तारखेला संध्याकाळी माझी गाडी. त्याआधी निवड."

"तुला कुठली हवी?"

"वाटे करणाऱ्याने बोलायचं नसतं, ठोंब्या."

मी चोपन्न वर्षांचा आहे.

८ मार्च, रविवार

ॲम्प नवीबरोबर का ठेवला?

एक — ॲम्पच्या मोहाने मी नवी घ्यावी, म्हणजे जुनी तिला मिळेल. दोन — तिला खरोखर नवी हवी, आणि ॲम्पही हवा, म्हणून दोन्ही एका ढिगात. तीन — काही विचार न करता ठेवला, भिंतीशी जागा होती म्हणून. तिसरं शक्य नाही. पाण्याचे नमुने तपासून तिचं आयुष्य गेलं. ती विचार न करता बादलीसुद्धा ठेवत नाही.

हिला विचारलं. "तुम्हा भावाबहिणीत मी पडणार नाही," म्हणाली. मग पडलीच — "तुझ्याच्याने सरळ विचारवत नाही, तिच्याच्याने सरळ सांगवत नाही. एका माळेचे मणी."

९ मार्च, सोमवार

ऑफिसात डोळ्यांच्या थेंबांचं माहितीपत्रक छपाईआधी तपासलं. दुपारच्या सुट्टीत मागच्या कोऱ्या कागदावर तक्ता केला.

जुनी: वजन साडेचार किलो. ट्यूबलाइटजवळ गुणगुणते. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या पट्टीवर सूर मरतो — दाबला की उमटतो आणि अर्ध्या वाटेत विझतो. काका म्हणतात, लाकूडच तेवढा सूर पिऊन टाकतं, त्याला इलाज नाही. हवा बदलली की सूर उतरतो.

नवी: साडेतीन किलो. गुणगुणत नाही. सगळे सूर सारखे जिवंत. आठवडाभर न लावता सुरात. पोटात चौकोनी बॅटरी.

तक्ता पाहिला तर नवी सगळ्या रकान्यांत वर. तरी जुनीच्या बाजूला शेवटी एक शब्द लिहिला — 'आवाज'. समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने डोकावून विचारलं, हे कुठलं औषध?

१० मार्च, मंगळवार

आवाज म्हणजे तारा, हे लिहायचं राहिलं.

जुनीवर सपाट तारा आहेत. म्हणजे बाहेरचं वेष्टण गुळगुळीत, बोट फिरवलं तर आवाज होत नाही. अकरा वर्षांपूर्वी ताईने चढवल्या आणि बजावलं — या आता उतरवायच्या नाहीत. सपाट तारा जितक्या जुन्या तितक्या चांगल्या. बोटांचं तेल, घाम, धूळ, सगळं त्यांत मुरतं. त्या आवाजाला आमच्यात नाव नाही. जुनी माझ्याकडे आली की पहिल्या दिवशी मी फक्त उघडी जाड तार छेडतो आणि ऐकत बसतो.

जुन्या रोजनिशा काढून बसलो. चार वर्षांपूर्वीच्या वहीत सापडलं: "जुनी आली. या खेपेला उजळ वाजतेय. हवा कोरडी असावी." म्हणजे कान शाबूत होता तेव्हा. हवेतला फरकसुद्धा पकडायचा!

१२ मार्च, गुरुवार

हिला मदतीला घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. तिने दहा वेळा तार छेडायची, कुठल्याही गिटारीची. मी ओळखायचं.

दहापैकी चार बरोबर.

चार! नाणं उडवलं असतं तर पाच आले असते. मी बराच वेळ भिंतीकडेच पाहत बसलो. मग ती म्हणाली, "मध्ये तीनदा मी एकच वाजवली. बघू म्हटलं." कुठली? टिपलं नव्हतं, आठवतही नव्हतं. म्हणजे दहापैकी किती, ते आता कुणालाच माहीत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी नवी घेतली तर आवाज बसलेला, चिरका, कडेला फाटलेला. अर्धं पान लिहिलं — नवीत वरवरची चमक आहे, सहवासात टिकत नाही, स्वभाव म्हणून नाहीच. जुनीच घ्यायची, ठरलं.

संध्याकाळी लक्षात आलं, काल केबल तिच्यातच खोचून ठेवली होती. केबल आत असली की बॅटरी खर्चत राहते. नवी बॅटरी घातली. आवाज पुन्हा पहिल्यासारखा स्वच्छ.

अर्धं पान खोडलं.

१४ मार्च, शनिवार

ताईकडे गेलो. खोकी बांधत होती. खोलीत फक्त एक खुर्ची उरलेली, तिच्यावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट. दोरी धरायला मला बसवलं.

बोलता बोलता म्हणाली, "तू नवीवर पाचव्या पट्टीचा सूर का टाळतोस रे? नेहमी खालच्या तारेवर जाऊन घेतोस. तिथे काही मेलेलं नाही."

मला माहीतच नव्हतं. घरी येऊन पाहिलं. खरंच. जुनीचा मेलेला सूर चुकवायला हात जे वळण शिकला, ते नवीवरही घेतो. मुद्दाम त्या पट्टीवर बोट ठेवलं. सूर उमटला आणि चालू राहिला. मीच घाबरून बोट उचललं.

मग तासभर नवीच वाजवली. खांदा दुखला नाही. सगळ्या जागा मोकळ्या. घरातल्या बंद खोलीची किल्ली सापडावी तसं.

लिहायला लाज वाटते, पण मला नवी हवी आहे.

१५ मार्च, रविवार

आणि ताईला जुनी हवी असणार. तारा तिने चढवल्या, नियम तिचा, मेलेल्या सुरावर मुद्दाम बोट दाबून 'बिचारा' म्हणते तीही तीच. मी नवी निवडली तर दोघंही सुखी. इतकं सोपं होतं!

मग हे नऊ दिवस मी काय करत होतो?

हिला सांगितलं. म्हणाली, "हवी म्हणून घेतोस, की तिला दुसरी हवी म्हणून?" मी म्हटलं, दोन्ही. "दोन्ही असं काही नसतं," म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या करत राहिली.

१६ मार्च, सोमवार

काकांकडे गेलो, नवीच्या खुंट्या एकदा पाहून घ्याव्यात म्हणून. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. कानशीने कुणाच्या तरी गिटारीच्या पट्ट्या घासत होते, थांबले नाहीत.

"जुनीवर तारा कुठल्या? सपाट. किती वर्षांच्या? बऱ्याच. नवीवर? खरखरीत, तीन महिन्यांच्या. मग तू गिटारी कुठे ऐकतोयस? तारा ऐकतोयस. एक माणूस कोट घालून आणि एक सदऱ्यात उभा केलास आणि म्हणतोस, कोण जाड ते सांगा."

"मग कसं ऐकायचं?"

"दोघांना सारखे कपडे घाल. नाहीतर ऐकू नकोस. निवड आणि मोकळा हो."

निवडून झालंय, हे त्यांना सांगितलं नाही. सारखेच दोन संच घेऊन आलो, खरखरीत तारांचे. का आणले, कळत नाही. ठरलं होतं ना?

१८ मार्च, बुधवार

लिहितो. लिहिलं पाहिजे.

सुट्टी घेतली होती. ही कामावर गेली. दहा वाजता जुनीच्या तारा उतरवल्या. कापल्या नाहीत, सैल करून, खुंटीवरून वेढे सोडवून, अलगद. प्रत्येक तार वेगळी गुंडाळली, कागदाच्या पट्टीवर नाव घातलं. टोकाला गुंडाळलेला धागा हिरवा निघाला. माझ्या आठवणीत तांबडा होता. अकरा वर्षांत रंग कुठे राहतो.

दोन्ही गिटारींना नव्या तारा. बारा वाजता ऐकायला बसलो. दोन्ही सारख्या! सारख्या म्हणजे अगदी सारख्या नाहीत. जुनी किंचित गुणगुणत होती, नवी किंचित पुढे होती. पण जी जुनी मी चौतीस वर्षं ऐकत आलो ती तिथे नव्हती. पन्नास वर्षांचं लाकूड, कुणाच्या तरी कोपराने झिजवलेला रंग, सगळं जागेवर. आणि आवाज परक्या माणसाचा.

एक वाजता जुन्या तारा परत चढवायला घेतल्या. बारीक बसली. दुसरी बसली. तिसरी बसली. जाड तार खुंटीवर पूर्वी जिथे वळली होती, तिथे पुन्हा वळवली. अर्ध्या ताणावर आली आणि टक्क झालं. फार मोठा आवाज नव्हता. पेन्सिल मोडल्यासारखा.

त्या वळणावर तार आतून पिचलेली असते. हे मला माहीत होतं. कुणालाही माहीत असतं. म्हणून तर कुणी उतरवलेली तार परत चढवत नाही.

उरलेल्या तीनही उतरवून ठेवल्या. जुनीवर पुन्हा खरखरीत. दुसरं होतं काय?

१९ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. "ठरलं का?"

"ठरतंय."

"बरोबर चाललंय ना सगळं? आवाज असा का?"

"सर्दी."

आता मी नवी निवडू शकत नाही. नवी निवडली तर ताईच्या वाट्याला ती जुनी येईल जी मी बिघडवली. वाटा तिने केला तेव्हा तो पुरा होता. कापलेल्या पेरूचा एक घास खाऊन ठेवायचा आणि मग म्हणायचं, मी दुसरी फोड घेतो. असं लहानपणी केलं असतं तर तिने थोबाडीत दिली असती.

जुनी मुकाट्याने घ्यायची. मग तिला कळणारसुद्धा नाही. पण ती तर तिला हवी आहे! म्हणजे आधी तिने अकरा वर्षं जमवलेले सूर मोडायचे, मग मोडकी वस्तू हवीच होती असं दाखवून तिच्या हातची काढून घ्यायची, आणि आपल्याला हवी ती सोडायची. यात कुणाचं भलं?

ऑफिसात एका पत्रकात 'जेवणाआधी' दोनदा छापलं होतं, पाहिलंच नाही. सहकाऱ्याने पाहिलं. "काका, बरं नाही का?" म्हणाला. मीही कुणाचा तरी काका झालो.

२० मार्च, शुक्रवार

हिला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "एवढंच? मला वाटलं कुणाला काही झालं की काय. चार दिवस तोंड पाडून बसलायस." मग थोड्या वेळाने — "सांग तिला. उद्या. निवडायच्या आधी. नंतर सांगशील ती चोरी, आधी सांगशील ती चूक."

२१ मार्च, शनिवार

ताई साडेतीनला आली. भाड्याची गाडी खाली उभी. पाणी प्यायली, खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, "बोला राजे."

सांगितलं. सारखे कपडे घालून पाहायचं होतं, तारा उतरवल्या, जाड तार परत चढवताना तुटली. सरळ वाक्यांत सांगायचं ठरवलं होतं, पण काकांचा कोट आणि सदराही मध्ये आला.

ताई जुनीकडे पाहत राहिली. नव्या तारा जरा जास्तच चकाकत होत्या.

"कुठे तुटली?"

"खुंटीपाशी. वळणावर."

"वळणावरच तुटते," म्हणाली. मग हात पुढे केला. "काढलेल्या कुठे आहेत? दे इकडे."

चार वेटोळी दिली. कागदाच्या पट्ट्यांवरची नावं तिने वाचली. 'जाड (तुटकी)' असं लिहिलं होतं, ते पाहून तोंडाचा कोपरा हलला. रागाने की कशाने, मला ओळखता आलं नाही. चारही वेटोळी पर्समध्ये घातली आणि चेन ओढली.

"आता निवड."

"ताई, जुनी तुला —"

"वाटे करणाऱ्याला विचारायचं नसतं. निवड."

"जुनी."

"नक्की?"

"मी बिघडवली. मीच घेतो."

"म्हणून घेतोयस होय!" म्हणाली. मग "बरं." नवी पिशवीत भरली, मला ॲम्प उचलायला लावला. जिन्यात दोनदा थांबलो, ती पुढे. गाडीत ॲम्प मागच्या सीटवर बसवला, त्याला सीटबेल्टसुद्धा लावला. नवी तिने मांडीवर घेतली.

"नवीची बॅटरी परवाच घातलीय," मी म्हटलं. "केबल आत विसरू नकोस."

"मी विसरत नाही. तू विसरतोस." मग काच खाली करून — "ठोंब्या, इतकं ऐकत नको जाऊस. वाजवत जा."

गाडी वळली. वर आलो. तिला जुनी हवी होती की नवी, ते पंधरा दिवसांत कळलं नाही आणि आता विचारायची वेळ गेली. मेलेल्या तारा मात्र जपून घेऊन गेली. तेवढं तिने मागून घेतलं माझ्याकडून, बाकी काही नाही. हिने दोनदा जेवायला हाक मारली.

२२ मार्च, रविवार

सकाळी काकांकडे गेलो. रविवारीही दुकान उघडतात, घरी करमत नाही म्हणून. जुनीसाठी सपाट तारांचा संच मागितला. त्यांनी कुठल्या, ते विचारलंच नाही. कपाटातून एक काढून पुढे ठेवला.

"हाच ना? ताईने मागे नेला होता तो. जाड तार तुटली तेव्हा."

कधी, विचारलं.

"चारेक वर्षं झाली. तारा पुसायला म्हणून उतरवल्या आणि परत चढवताना तोडली. रडवेली झाली होती. मला म्हणाली, त्याला सांगू नका, एक तारखेला वाजवेल तेव्हा त्याचं त्यालाच कळेल." चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं. "म्हणालाच नाहीस कधी काही."

संच घेऊन घरी आलो. तारा बसवायला पाऊण तास लागला.